त्रेपन्न सेंटिमीटरचा माथा

झाशीबद्दल मराठीत लिहायला बसलं की हात आधी विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’कडे जातो. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७च्या धामधुमीत उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि त्यांची हकीगत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापून आणली. त्यापुढची झाशी मराठी वाचकाच्या नजरेआड झाली. वास्तविक त्यापुढच्या झाशीशी आपला संबंध रोजचा होता. १८८९ मध्ये इंडियन मिडलँड रेल्वेनं झाशीला रूळ नेले. १९०० मध्ये तो सगळा पसारा जीआयपीकडे, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे आला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे झाली, आणि १ एप्रिल २००३ रोजी झाशी उत्तर मध्य रेल्वेत गेली. तोपर्यंतच्या शंभर वर्षांत भुसावळ, नागपूर आणि झाशी एकाच दप्तराखाली नांदत होते, आणि ते दप्तर मुंबईत बोरीबंदरला होतं.

इलाइट चौराह्यावरून चित्रा चौराह्याच्या अंगानं स्टेशनकडे निघालं की किल्ल्याची झाशी मागे पडते आणि रेल्वेची झाशी लागते. १८९५ पासूनचा वॅगन दुरुस्तीचा कारखाना, डिझेल शेड, यार्ड, क्वार्टर्सच्या रांगा. या झाशीचे कागद बखरीसारखे बोलत नाहीत. नियमांची पुस्तकं, इंजिनांच्या माहितीपुस्तिका, वायरिंगच्या नकाशांवरची आद्याक्षरं, यंत्रांवरच्या पितळी पट्ट्या, असा हा ऐवज आहे. त्यातल्या एकाच आकड्याची हकीगत इथे जुळवायची आहे. तो आकडा म्हणजे ५३.

व्हॅक्यूम ब्रेकच्या काळात रेल्वेत वाढलेल्या कुणालाही हा आकडा विचारा. इंजिनावर ५३ सेंटिमीटर पाऱ्याची पोकळी, गार्डाच्या डब्यात ४७. ड्रायव्हरसमोरच्या दोन काट्यांच्या गेजवर काटा ५३ दाखवू लागला की ब्रेक सुटले, गाडी निघायला मोकळी. गाडीच्या लांबीत होजपाइपांच्या सांध्यांतून हवा थोडीथोडी आत शिरते, म्हणून शेवटच्या डब्यापर्यंत पोचताना सहा सेंटिमीटर गळतात, हे त्या दोन आकड्यांतलं अंतर. ही नोंद नियमांतही आहे आणि माणसांच्या तोंडातही, त्यामुळे तिच्याबद्दल वाद नाही.

ही पोकळी तयार कोण करत होतं? वाफेच्या इंजिनावर ते काम इजेक्टर करी. वाफेचा झोत अरुंद तोंडातून वेगानं सुटतो आणि आजूबाजूची हवा ओढून बाहेर नेतो. त्यात हलणारा भाग एकही नाही. मोठा इजेक्टर ब्रेक चटकन सोडवायला, धाकटा गळती भरून काढत सतत चालू. डिझेल आणि विजेच्या इंजिनांवर वाफच नव्हती, तेव्हा दट्ट्याचा पंप आला. त्याचं नाव एक्झॉस्टर. नाव काहीही असो, यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं तो दट्ट्याचा कॉम्प्रेसरच आहे. नेहमीचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा घेऊन टाकीत कोंबतो. हा गाडीच्या पाइपातली विरळ हवा घेऊन बाहेरच्या वातावरणात कोंबतो. त्याचा डिलिव्हरी प्रेशर कायम एकच, वातावरणाचा. बदलतो तो सक्शन, म्हणजे आत येणाऱ्या हवेचा दाब. गाडी उभी असताना पाइपात पूर्ण ७६ सेंटिमीटर पाऱ्याइतका दाब, आणि ब्रेक सुटल्यावर ७६ वजा ५३, म्हणजे २३.

सक्शनचा दाब बदलला की दट्ट्याच्या यंत्राला लागणारी शक्ती कशी बदलते, याचं उदाहरण पुस्तकात शोधत बसायला नको. तो प्रयोग प्रत्येक गाडीच्या सुटण्याच्या वेळी रोज होत होता. दोन्ही टोकांना उत्तर शून्य येतं, आणि गंमत तिथूनच सुरू होते. सक्शन वातावरणाइतकाच असेल तर दट्ट्या हवा एका बाजूनं घेतो आणि त्याच दाबाला दुसऱ्या बाजूनं सोडतो. घर्षणाशिवाय खर्च नाही. उलट सक्शन अगदी संपलेला असेल, सिलिंडरमध्ये दाबायला हवाच नसेल, तर एका फेरीत जेवढी ताकद बाहेरच्या हवेविरुद्ध लागते तेवढीच परतीच्या फेरीत मिळते, आणि जमाखर्च पुन्हा शून्य. मधे कुठेतरी शक्ती वाढत जाऊन माथा गाठते आणि मग उतरते.

तो माथा कुठे? हे जुन्या कागदातलं गणित नाही, मी मांडलेलं आहे, आणि त्याची गृहीतकंही सांगतो: हवा, दाबताना बाहेर उष्णता न जाणं, आणि सिलिंडरच्या टोकाला मोकळी जागा अजिबात न उरणं. या हिशेबात डिलिव्हरी आणि सक्शन यांचं गुणोत्तर ३.२५ असताना शक्ती सर्वांत जास्त लागते. हवेच्या १.४ या घातांकातून हा आकडा सरळ निघतो. दाबताना हवा पूर्ण थंड ठेवता आली असती तर तो २.७२ वर आला असता. आता ७६ ला ३.२५ नं भागा. साधारण २३.४ येतात. म्हणजे गेजवर ५२.६ सेंटिमीटर.

रेल्वेनं ज्या आकड्यावर गाड्या चालवल्या तो आकडा आणि एक्झॉस्टरवर सर्वांत जास्त भार पडतो तो आकडा, दोन्ही एकच. अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक नाही.

हे नीट दिसावं म्हणून मिनिटाला एक घनमीटर जागा व्यापणारा दट्ट्या धरतो. गेज २० वर असताना त्याला ०.४० किलोवॅट लागतात. ३८ वर, म्हणजे अर्ध्या पोकळीला, ०.६५. ४७ वर ०.७१. ५३ वर ०.७३, म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती. ६० वर पुन्हा ०.७०, आणि ७० वर गेलं तर फक्त ०.५०. खऱ्या यंत्रात दट्ट्याच्या टोकाला थोडी जागा उरतेच, नाहीतर तो हेडवर आदळेल. त्या क्लिअरन्समध्ये अडकलेली दाबलेली हवा परतीच्या फेरीत फुगते आणि नव्या हवेची जागा खाते. ती जागा पाच टक्के धरली तर माथा जरा अलीकडे, ५० सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. मग इंजिनावरचा काटा ४७ वर असो की ५३ वर, भार सारखाच, आणि दोन्हीकडे माथ्यापेक्षा एक टक्कासुद्धा कमी नाही. माथा अणकुचीदार नाही, सपाट आहे.

इथे इतिहास लिहिणाऱ्यानं सावध व्हायला हवं. आकडे इतके जुळले की मन लगेच कारण जोडतं. कुणी शहाण्या इंजिनिअरनं एक्झॉस्टरचा हिशेब करून ५३ ठरवले असतील, असं वाटून जातं. कागदांचा कालक्रम याच्या आड येतो. ५३ सेंटिमीटर म्हणजे जुने २१ इंच, आणि हे २१ इंच दट्ट्याच्या एक्झॉस्टरच्या फार आधीचे, इजेक्टरच्या काळातले. इजेक्टरला दट्ट्या नाही, त्यामुळे हा माथाही नाही. त्याचा हिशेब वाफेचा: पोकळी जितकी खोल तितकी वाफ जास्त खर्ची पडणार.

त्या काळाचा सर्वांत बोलका दस्तऐवज आयर्लंडचा आहे, आणि तारीख आहे १२ जून १८८९, म्हणजे झाशीला रेल्वे आली तेच साल. आर्माजवळ सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली गाडी चढावर अडली. कर्मचाऱ्यांनी ती दोन भागांत तोडली. तिला साधा व्हॅक्यूम ब्रेक होता. जोडणी तोडली की पोकळी गेली आणि पोकळीबरोबर ब्रेकही गेला. मागचे डबे उताराला लागले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसं गेली. बोर्ड ऑफ ट्रेडसाठी मेजर जनरल हचिन्सन यांनी चौकशी केली, आणि त्याच वर्षी कायदा होऊन ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा सलग ब्रेक सक्तीचा झाला. आपोआप याचा अर्थ पोकळी असेल तर ब्रेक सुटलेला, पोकळी गेली तर लागलेला. यात पोकळी सतत टिकवावी लागते, चालत्या गाडीत, प्रवासभर. साध्या ब्रेकमध्ये ती थांबण्यापुरती लागायची. पुढे एक्झॉस्टरच्या नशिबी जो अखंड भार आला त्याचं मूळ या बदलात आहे. शक्ती जास्त लागली ती सुरक्षेपायी, आणि ती सार्थ होती.

ब्रिटनमध्ये एक कंपनी वेगळ्या वाटेनं गेली, आणि आपल्या हिशेबाला तिची साक्ष उपयोगी पडते. ग्रेट वेस्टर्न रेल्वे २१ ऐवजी २५ इंच पोकळी ठेवायची, आणि गळती भरायला इंजिनाच्या क्रॉसहेडवर बसवलेला दट्ट्याचा पंप वापरायची. २५ इंच म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. गुणोत्तर सहाच्या वर, माथा ओलांडून पलीकडच्या उतारावर. तेवढ्याच दट्ट्याला तिथे शक्ती ५३ पेक्षा दहा टक्के कमी लागते. नुसतं हे वाचलं तर ग्रेट वेस्टर्ननं स्वस्तात जास्त पोकळी मिळवली असं वाटेल. पण त्या दाबाला सिलिंडरमध्ये येणारी हवा किती? ५३ वर दर फेरीला पूर्ण भरलेल्या सिलिंडरच्या ३० टक्के हवा मिळते, साडेत्रेसष्टवर १६ टक्के. शक्ती दहा टक्क्यांनी घटली आणि काम जवळपास निम्म्यावर आलं. (दुसऱ्या कंपनीचं २१ इंचाचं इंजिन ग्रेट वेस्टर्नच्या डब्यांना लागलं की ब्रेक पूर्ण सुटत नसत, आणि डब्याडब्याला जाऊन कोंडलेली पोकळी हातानं सोडावी लागे. दोन कंपन्यांच्या दोन आकड्यांची किंमत शंटिंगवाल्यांनी अशी मोजली.)

सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे. ‘सक्शन कमी झाला की शक्ती वाढते की घटते’ या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. शाफ्टवर येणारा भार हे एक उत्तर. तो चढतो, माथा गाठतो, उतरतो. दर किलो हवेमागे लागणारं काम हे दुसरं. ते सक्शन घटत जाईल तसं चढतच जातं, त्याला माथा नाही. गेज २० वर असताना एक किलो हवा बाहेर काढायला साधारण २७ किलोज्यूल लागतात. ५३ वर तेच काम १२० किलोज्यूलच्या पुढे जातं, साडेचार पट. जुन्या कागदात नुसता अश्वशक्तीचा आकडा सापडला आणि शेजारी सक्शनचा नसला, तर तो यंत्राच्या कष्टाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. तो मोटारीच्या आकाराचा पुरावा आहे, एवढंच.

आता झाशीच्या शेडमध्ये जाऊ. डब्ल्यूडीएम-२ हे अमेरिकन अल्को कंपनीचं इंजिन १९६२ पासून भारतात आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. झाशीच्या डिझेल शेडनं ही जात वर्षानुवर्षं सांभाळली. तिच्या माहितीपुस्तिकांत एक यंत्र आहे जे इतरत्र क्वचितच भेटतं: एक्स्प्रेसर. एकाच शाफ्टवर काही सिलिंडर एक्झॉस्टरचे, गाडीसाठी पोकळी करणारे. बाकीचे कॉम्प्रेसरचे, इंजिनाच्या स्वतःच्या ब्रेकसाठी आणि उपकरणांसाठी हवा दाबणारे. शाफ्ट मुख्य इंजिनालाच जोडलेला. इंजिन आयडलिंगला ४०० फेऱ्यांवर असेल तर एक्स्प्रेसरही ४०० वर, आठव्या नॉचला, म्हणजे थ्रॉटलच्या सर्वांत वरच्या पायरीला, १००० तर तोही १०००.

या जोडणीतून दोन गोष्टी निघतात. पहिली सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक होती. लांब गाडीला व्हॅक्यूम लवकर बनत नसेल तर जनरेटरचं फील्ड बंद ठेवून नॉच वाढवायचा. गाडी हलत नाही, पण एक्झॉस्टर अडीच पट वेगानं ओढू लागतो. वातावरणापासून ५३ पर्यंत यायला दट्ट्यांनी एकूण जेवढी जागा व्यापायची ती पाइप आणि टाक्यांच्या घनफळाच्या सुमारे १.२ पट, गळती सोडून. फेऱ्या अडीच पट झाल्या की वेळ तेवढ्याच प्रमाणात कमी.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. एक्झॉस्टर बंद करता येत नव्हता. ५३ झाले, गाडी निघाली, तरी तो चालूच. पोकळी त्याहून खोल जाऊ नये म्हणून व्हॉल्व्हमधून बाहेरची हवा आत घेतली जाई. मागे पाहिलेला हिशेब इथे आणा. मिनिटभर चढ चढून तो माथ्यावर पोचायचा, आणि मग ग्वाल्हेरपर्यंत किंवा बिन्यापर्यंत माथ्यावरच राहायचा. ब्रेक लावला, पोकळी मोडली, की तेवढ्यापुरता हलका. यंत्राला विसावा मिळे तो ड्रायव्हरनं ब्रेक लावल्यावर. सगळं सुरळीत चालू असताना त्याच्यावर सर्वांत जास्त ओझं.

विजेच्या इंजिनांवर हेच चित्र जास्त स्वच्छ दिसतं. झाशीच्या मुख्य मार्गावर १९८०च्या दशकात विजेच्या तारा आल्या. डब्ल्यूएएम-४ सारख्या इंजिनांत एक्झॉस्टरांना स्वतंत्र मोटारी होत्या आणि नकाशांवर त्यांची नावं एमपीव्ही-१, एमपीव्ही-२ अशी लिहिलेली. ही फ्रेंच आद्याक्षरं आहेत, पोकळीच्या पंपाची मोटार या अर्थाची. आपली सुरुवातीची एसी इंजिनं युरोपातल्या गटानं घडवली, त्याची ही खूण. मोटारीचा वेग जवळजवळ स्थिर, त्यामुळे फेऱ्या वाढल्याघटल्याचा घोळ नाही. उरतो तो फक्त सक्शन. अशी मोटार निवडताना सुरुवातीचा हलका भार पाहून चालत नाही, ४७ ते ५३ च्या पट्ट्यातला भार अखंड पेलेल एवढी ती लागते. आणि तपासणीत सक्शनचं तोंडच बंद केलं तर मोटार हलकी पडते. दट्ट्या काही ओढत नाही म्हणून ती हलकी. यंत्राच्या तब्येतीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

भार सोडून तापमानाकडे पाहिलं की झाशीचा उन्हाळा हिशेबात येतो. पाइपातली हवा ३५ अंशांवर असेल तर ३.३ च्या गुणोत्तराला ती सिलिंडरमधून बाहेर पडताना, आदर्श हिशेबानं, १६० अंशांवर जाते. मे महिन्यात ४५ अंश धरा, १७४ येतात. एक्झॉस्टरच्या हेडला हात लागू नये हे फिटरला कुणी शिकवावं लागत नसे. गंमत अशी की शाफ्टवरचा भार मात्र उन्हाळ्यात वाढत नाही. ठरलेल्या दट्ट्याला लागणारी शक्ती दाबांवर ठरते, तापमानावर नाही. बदलते ती हवा: जानेवारीतल्या दहा अंशांच्या पहाटेच्या तुलनेत मेच्या दुपारी त्याच फेरीत ११ टक्के कमी वजनाची हवा बाहेर जाते. भार तोच, काम कमी, आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर आणि तेलावर ताप जास्त.

उंचीचाही असाच छुपा परिणाम आहे. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतं. झाशी समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरच्या वर आहे, तिथली हवा साधारण साडेत्र्याहत्तर सेंटिमीटरची. म्हणून तिथले ५३ म्हणजे ३.६ चं गुणोत्तर. लोणावळ्याला, सव्वासहाशे मीटरवर, तेच ५३ चारच्या गुणोत्तराला जातात. बाहेरची हवाच विरळ असल्यामुळे भार थोडा घटतो, पण बाहेर पडणारी हवा कल्याणपेक्षा लोणावळ्याला पंचवीसेक अंशांनी जास्त तापते. ब्रेकच्या पुस्तकात आकडा एकच छापलेला. यंत्राला तो प्रत्येक स्टेशनात वेगळा.

एक्स्प्रेसरच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल थोडक्यात. कॉम्प्रेसरचे सिलिंडर दोन टप्प्यांत हवा दाबतात, मधे कूलर, आणि मुख्य टाकी ८ ते १० किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवतात. दहा झाले की अनलोडर दट्ट्याला मोकळा करतो, आठवर पुन्हा कामाला लावतो. इथे सक्शन बाहेरची हवा, तेव्हा तो बदलायचं कारण नाही असं वाटतं. कारण फिल्टरमध्ये असतं. यार्डाची धूळ बसून फिल्टर तुंबला आणि सक्शन दहा टक्क्यांनी पडला, तर हिशेबानं शाफ्टवरचा भार वाढण्याऐवजी पाच टक्क्यांनी घटतो. हवा मात्र दहा टक्क्यांनी घटते, टाकी भरायला वेळ लागतो, आणि दर किलोमागे खर्च पाच टक्क्यांनी वाढतो. मोटारीवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा अँमीटर पाहून ‘अँपिअर कमी झाले, मशीन छान चाललंय’ म्हणणारा माणूस तुंबलेल्या फिल्टरचं कौतुक करत असतो. माथ्याच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत हे ठाऊक नसलं की असं होतं.

व्हॅक्यूम ब्रेक पुढे मागे पडला. त्याचं कारणही त्याच आकड्यात आहे: ५३ सेंटिमीटर पारा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.७२ किलोचा जोर. तेवढ्यावर जड मालगाडी थांबवायची तर सिलिंडर अवजड लागतात, आणि लांब पाइपात पोकळी मोडायलाही वेळ लागतो. हवेच्या ब्रेकचा पाइप पाच किलोंवर चालतो. १९८०च्या दशकात बॉक्सएन वॅगनांबरोबर तो आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. एक्झॉस्टरचे सिलिंडर गेले, कॉम्प्रेसर राहिले.

दट्ट्याचा कॉम्प्रेसर झाशीत आज वेगळ्याच कामाला आहे. शहराला सीएनजी पुरवते सेंट्रल यूपी गॅस लिमिटेड, गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी २००५ मध्ये काढलेली कंपनी. सीएनजी भरण्यासाठी वायू अडीचशे बारच्या घरात न्यावा लागतो, आणि ते काम दट्ट्याच्या यंत्रांवर चालतं. पाइपलाइनवरच्या पंपावर अशा कॉम्प्रेसरला सक्शन साधारण १४ ते १९ बार मिळतो. समजा तो १४ वरून १९ वर गेला. तीन टप्प्यांचं यंत्र आणि मधे कूलर धरून हिशेब केला तर वायू ३३ टक्के जास्त निघतो, दर किलोमागे वीज ११ टक्के कमी लागते, आणि मोटारीवरचा भार १८-१९ टक्क्यांनी वाढतो. गिऱ्हाइकाला फायदा, कंपनीला फायदा, आणि मोटार मात्र ओव्हरलोडच्या काठावर. म्हणून सक्शनला रेग्युलेटर बसवून वरची मर्यादा बांधतात. विजेचं बिल पाहणारा आणि मोटार पाहणारा, दोघे एकाच सक्शनबद्दल उलट बोलतात आणि दोघेही बरोबर असतात.

पाइपलाइन जिथे पोचलेली नाही तिथे ट्रकवरच्या नळकांड्यांतून, म्हणजे कॅस्केडमधून, वायू आणतात आणि बूस्टर कॉम्प्रेसरनं गाड्यांत भरतात. कॅस्केड २०० बारनं येतं आणि रिकामं होत जातं तसा सक्शन पडत जातो. डिलिव्हरी जवळजवळ स्थिर, सक्शन सतत घटता: एक्झॉस्टरचीच गोष्ट, फक्त दाब शेकडो पट. एका टप्प्याचं यंत्र आणि वायूचा घातांक १.३ धरला तर माथ्याचं गुणोत्तर ३.१ येतं, म्हणजे सक्शन ८० बारच्या आसपास असताना मोटारीवर सर्वांत जास्त भार. एवढ्या दाबाला मिथेन आदर्श वायूसारखा वागत नाही आणि बहुतेक बूस्टर दोन टप्प्यांचे असतात, तेव्हा ८० हा आकडा यंत्रागणिक सरकेल. चढ-माथा-उतार हा क्रम मात्र सुटत नाही. भरलेलं कॅस्केड जोडल्यावर मोटार हलकी असते, मधे जड होते, आणि शेवटी पुन्हा हलकी. त्या शेवटच्या हलकेपणात दर किलो वायूमागची वीज सर्वांत महाग असते.

सीएनजी पंपावरच्या कॉम्प्रेसरच्या लॉगशीटवर सक्शन, टप्प्यांमधले दाब, डिलिव्हरी, तापमानं आणि अँपिअर एकाच ओळीत, ठरलेल्या वेळी भरायचे असतात. एक्झॉस्टरच्या हिशेबासाठी सक्शन नियमांच्या पुस्तकातून घ्यावा लागला, भार गणितातून काढावा लागला. या ओळीत दोन्ही शेजारी शेजारी आहेत.